दादाच्या फोनचा कान

अकरा वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला तेव्हा धाकटी कॉलर लावत होती.

त्या दिवशी शिलाई कारखान्यात घाई होती. नर्सबायकांचे अडीचशे ड्रेस संध्याकाळच्या गाडीत चढायचे होते. वीस मशिनी एकदम चालतात तिथं, शेजारणीनं हाक मारली तरी ऐकू येत नाही. धाकटीनं मशीन थांबवलं, फोन मान आणि खांद्यात दाबला आणि म्हणाली, "बोल दादा."

पलीकडून काही नाही.

तिला त्याचं नवल वाटलं नाही. दादाच्या फोनला कान नव्हता. म्हणजे होता, पण काढून ठेवलेला असायचा. फोन आपलं बोलणं ज्यानं ऐकतो ना, तो माइक. करंगळीच्या नखाएवढा तुकडा. दादानं तो फोनच्या पोटातून उपटून वेगळा केला होता, आणि बोलायचं असेल तेव्हाच खालच्या खाचेत बसवायचा. कान नसला तर त्याला आपलं ऐकू यायचं, आपल्याला त्याचं काही नाही. आणि दहातल्या चार वेळा तो बसवायचा विसरायचाच. घरात त्यावरून सगळे हसायचे.

"कान बसव आधी," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी परत वाजला. परत तेच. या वेळी ती जरा थांबली, दहा सेकंद असतील. सुपरवायझर बाई रांगेच्या टोकाला उभी राहून तिच्याकडेच बघत होती. "अरे म्हाताऱ्या, कान बसव म्हणते ना. मला इथं मरायला फुरसत नाही," असं म्हणून तिनं फोन कट केला आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकला, बॉबिनच्या डब्याशेजारी.

तिसरा फोन आला नाही. तिला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

दीड वाजता चष्मेवाल्याचा आला. चष्मेवाला म्हणजे दादाच्या दुकानाला लागून ज्याचं दुकान तो, वीस वर्षांचा शेजार. काय झालं ते सांगेना, नुसतं ये, ये म्हणत होता. धाकटी गळ्यात टेप तशीच घेऊन गेली.

शटर अर्धं खाली होतं. पण ते रोजचंच. दोन वर्षांपासून दादा शटर अर्धं पाडूनच काम करायचा आणि गिऱ्हाइकानं वाकून हाक मारायची, म्हणून सकाळपासून कुणाला काही वाटलं नाही. जेवायच्या वेळी चष्मेवाल्यानं वाकून बघितलं तर दादा स्टूल आणि कपाटाच्या मधे पडलेला. फोन उजव्या हातात घट्ट. आणि कान कुठं, तर शटरजवळच्या फळीवर, बटणांच्या डबीत. डबी धाकटीनंच दिलेली. दादाचा नियम होता, फोन आत, कान बाहेर, दोघं एका जागी ठेवायचे नाहीत. चार पावलं होती मधे. चार पावलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, साडेअकराच्या आतच गेले असतील, कुणी आलं असतं तरी काही झालं नसतं. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. धाकटीच्या डोक्यात एकच फिरत होतं. दादाला ऐकू येत होतं. ती जे बोलली ते त्यानं सगळं ऐकलं. शेवटचं काय ऐकलं, तर मला मरायला फुरसत नाही.

आणि मग चष्मेवाल्यानं तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, साडेदहाला ती पांढरी गाडी समोर उभी होती."

तिनं दादाचा फोन आणि बटणांची डबी ओढणीत गुंडाळून घेतली.

आता दादा कोण ते सांगायला पाहिजे, म्हणजे गाडीचं कळेल.

दादा मोबाइल दुरुस्त करायचा. त्याच्या आधी रेडिओ करायचा, त्याच्या आधी घड्याळं. आठ वर्षांचा असताना बापाचं गजराचं घड्याळ उघडलं आणि परत जोडलं तर दोन चाकं उरली, तरी घड्याळ चालायला लागलं. बाप म्हणाला, बघा, दोन चाकं फुकटची घालून विकलं आपल्याला. तरी मारलं दादालाच. तेव्हापासून त्याला नाव पडलं सुटेभाग. शाळेत सुटेभाग, बाजारात सुटेभाग, पुढं दुकानाच्या पाटीवर पण त्यानं तेच रंगवून घेतलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, माणूस उघडून बघता येत नाही, मग घ्यायचा कसा. खिशात कायम चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग. धाकटीच्या लग्नाच्या फोटोत पण चिमटा दिसतो खिशातून डोकावताना, सासरच्यांना वाटलं नवरीचा भाऊ डॉक्टर आहे.

आणि भित्रा नव्हता तो. हे नीट ध्यानात ठेवा. विजेच्या तारेला ओल्या बोटानं हात लावून चालू आहे का बघणारा माणूस होता.

अडीच वर्षांपूर्वी एक जण नवाकोरा फोन घेऊन दुकानात आला. पांढऱ्या गाडीतून आला म्हणून दादा त्याला गाडीवाला म्हणायचा. कपडे चांगले, बोलणं गोड. म्हणाला, बायकोला भेट द्यायचाय, ती एकटी फिरते, काळजी वाटते, यात ते एक टाकून द्या, ती कुठं आहे आणि कशी आहे ते माझ्या फोनवर मला कळेल. तिला सांगू नका, घाबरेल उगाच. दहा मिनिटांचं काम. दादानं टाकून दिलं. असली कामं सगळेच दुकानदार करत होते, म्हातारी माणसं हरवू नयेत म्हणून, मुलं शाळेतून वेळेवर यावीत म्हणून. त्यानं विचार केला नाही. काम आलं, काम केलं.

तीन महिन्यांनी एक बाई आली. भर उन्हात लांब बाह्यांचा ड्रेस. म्हणाली, बॅटरी दुपारपर्यंत संपते हो. दादानं फोन उघडून कॉम्प्युटरला जोडला, आणि त्याला दिसलं ते त्याचंच काम. कुठं आहे तेवढंच नाही, फोन तिचं बोलणं सगळं ऐकत होता आणि तिकडं पाठवत होता. दिवसभर. बॅटरी टिकेल कशी? आणि फोन परत घ्यायला तिनं हात पुढं केला तेव्हा बाही वर सरकली. मनगटाच्या वर काळंनिळं होतं.

दादानं ओठांवर बोट ठेवलं. बिलाच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि लिहिलं: हा फोन ऐकतो. तुमच्या नवऱ्यानं टाकून घेतलं. टाकणारा मी. माझी चूक झाली.

ती वाचून दुकानाच्या पायरीवरच बसली. रडली नाही. बऱ्याच वेळानं पेन मागितलं आणि खाली लिहिलं: काढू नका. काढलं तर त्याला कळेल.

मग तिनं आणखी लिहिलं, दादानं लिहिलं, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शेवटी दादा फोनला ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणाला, "बॅटरी बदलावी लागेल ताई. संध्याकाळी या." ती म्हणाली, "मग ठेवूनच जाते." आणि गेली. खांद्याला पर्स, हातात रिकामी पिशवी. फोन दिवसभर दादाच्या टेबलावर, चार्जर लावून, चालू राहिला. नवऱ्याला दिसत होतं, बायको मोबाइलच्या दुकानात आहे. तोपर्यंत ती कुठल्या बसनं कुठं गेली देव जाणे.

संध्याकाळी गाडीवाला आला. दादा म्हणाला, बाई येते म्हणाल्या होत्या, मी पण वाट बघतोय. गाडीवाल्यानं फोन उचलला, खिशात घातला आणि हसला.

"तुम्ही दोघं काय बोललात ते सगळं आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "फक्त मधे सात मिनिटं कुणीच काही बोलत नाही. दुकानात गिऱ्हाईक असताना सात मिनिटं गप्प बसता का हो तुम्ही?"

त्या दिवसापासून दादा भ्यायला लागला.

गाडीवाल्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. तो नुसता यायचा. गाडी समोर लावून काच खाली करून बसायचा. कधी आत यायचा, एखादा फोन टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, हा जरा अडकतो, असू द्या इथंच, घाई नाही. चार चार दिवस तो फोन दुकानात. दादाला माहीत होतं, तो फोन अडकत बिडकत नाही, तो ऐकतोय. स्टीलच्या डब्यात घालून, वर गोधडी दाबून ठेवायचा. गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायला लागला. निम्मी गिऱ्हाइकं म्हणाली, सुटेभागचाच एक भाग सुटला बहुतेक, आणि यायची बंद झाली.

धाकटीच्या घरी जेवायला आला की आधी सगळ्यांचे फोन गोळा करायचा आणि पिठाच्या डब्यात घालायचा. भाची, म्हणजे धाकटीची लेक, वैतागायची. म्हणायची, "मामा, माझ्या फोनमध्ये काय आहे ऐकण्यासारखं? कुणाचं कुणाशी जुळलं एवढंच." धाकटीचा नवरा म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दादा म्हणायचा, "दाजी, पूर्वी भिंतीला कान असायचे. आता खिशाला आहेत, आणि ते आपणच विकत घेतलेत." दाजी म्हणायचे, मी काय चोरी करतो, ऐकू दे ऐकायचं त्याला.

धाकटीला एकटीलाच त्यानं सगळं सांगितलं. एकदाच. स्वयंपाकघरात, नळ सोडून, फोन पिठात घालून. त्या बाईला तो बॅटरीवाली म्हणायचा, नाव त्यानं विचारलंच नव्हतं. म्हणाला, दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी चार वाजता तिचा फोन येतो, दर वेळी नंबर वेगळा. ती आधी काही बोलत नाही. मी बोललो, माझा आवाज ओळखला की म्हणते ठीक आहे, आणि ठेवते. तिच्या माहेरी कुणी नाही. ती जिवंत आहे हे जगात एका माणसाला माहीत असावं म्हणून करते. आणि मी उचलला नाही तर तिला वाटेल, त्यानं मला गाठलं, आता तिची पाळी. मग ती आहे तिथून पळेल. घाईत पळालेलं माणूसच सापडतं.

"आणि तुझा फोन त्याच्या हातात पडला तर?" धाकटीनं विचारलं.

"तर तिनं कुठून कुठून फोन केले ते सगळं त्याला एका जागी मिळेल. म्हणून तर तुकडे केलेत."

दादाचा फोन म्हणजे एक वेगळीच कथा होती. एकदा एका गिऱ्हाइकानं बाहेरच्या देशातला फोन आणला होता. एक स्क्रू काढला की सगळा सुटतो. कॅमेरा वेगळा, बॅटरी वेगळी, खालचा भाग वेगळा, जे बिघडेल तेवढंच बदलायचं. ना डिंक, ना तापवायचं, ना काच फोडायची. दादानं तो दिवसभर उघडला आणि लावला, उघडला आणि लावला. गिऱ्हाईक म्हणालं, अहो बिघडलंय ते दुरुस्त करा ना. नंतर त्यानं तसलेच तीन मोडके फोन कुठून कुठून मिळवले आणि त्यातून आपला एक केला. माइकचा तुकडा हातानं काढता येईल असा केला. सिम आणि मेमरी एका छोट्या पट्टीवर घेतली, ओढली की बाहेर. धाकटीसमोर पसरून दाखवायचा, जसं आपण कटिंग पसरतो, ही बाही, हा गळा. हा डोळा, हा कान, ही आठवण. डोळा कधी लावायचाच नाही. म्हणायचा, "घरात पाहुणा आला तर आपण दार उघडतो, गेला की लावतो. बाकीच्या फोनना दारच नाही गं. हा एकच फोन आहे ज्याला मी कडी घालू शकतो."

धाकटीला तेव्हा पटलं होतं. भीती पण वाटली होती. त्या रात्री ती आपल्या फोनकडं बघत बसली, गुळगुळीत काळी काच, कुठं फट नाही की स्क्रू नाही. मागच्याच आठवड्यात ती मशीनवर शेजारणीला म्हणाली होती, पाठ फार दुखते, आणि संध्याकाळी फोनवर पाठीच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसायला लागल्या होत्या. तेव्हा हसली होती. आता हसू येईना. फोन पालथा घालून त्याच्यावर उशी ठेवली. पण रोजचं काम, रोजची घाई, विसरली मग. माणूस विसरतंच.

एक गोष्ट मात्र विचारायची राहून गेली. दादा नसला तर बॅटरीवालीशी काय बोलायचं? तेवढ्यात दाजी पाणी प्यायला आत आले आणि म्हणाले नळ कशाला वाहतोय, आणि बोलणं तिथंच तुटलं. सांगतो नंतर, असं दादानं डोळ्यांनीच सांगितलं. ते नंतर कधी आलंच नाही. कुणास ठाऊक, अकरा वाजून दहा मिनिटांनी तो तेच सांगायला बघत असेल.

दादा गेला तेव्हा एक तारखेला आठ दिवस होते.

तिसऱ्या दिवशी घरात भेटायला येणाऱ्यांची गर्दी होती. चपलांचा ढीग दारात. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, दादाचा फोन कमरेला खोचलेला, सिमची पट्टी आणि कान बटणांच्या डबीत, डबी मुठीत. इतक्यात एक जण आत आला, हात जोडले, खाली बसला, आणि सगळ्यांसारखंच म्हणाला, फार चांगला माणूस होता. धाकटीनं त्याला कधी बघितलं नव्हतं. पण दरवाजातून गाडीचा पांढरा कोपरा दिसत होता.

तो दाजींशीच बोलला. म्हणाला, माझे दोन फोन दुरुस्तीला होते त्यांच्याकडे, माझी फार महत्त्वाची माहिती त्यांनी त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये उतरवून ठेवली होती. तो फोन दिलात तर माझा माणूस माहिती काढून घेईल आणि परत आणून देईन. नाहीतरी तो फोन तुम्हाला चालवता यायचा नाही. दाजी साधा माणूस. त्यांना वाटलं, मेलेल्याच्या अंगावर कुणाची वस्तू राहू नये. ते धाकटीला म्हणाले, "अगं, आहे ना तो तुझ्याकडे? देऊन टाक त्यांना."

सगळे तिच्याकडं बघत होते. नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, पंधरा माणसांत, आणि पंधरा माणसांच्या खिशात पंधरा फोन. मग तिला आठवलं की तिच्या कमरेला जे आहे ते नुसतं खोकं आहे. आठवण मुठीत आहे.

तिनं फोन काढून दिला.

गाडीवाल्यानं तो तळहातावर तोलला. "हलका आहे," म्हणाला.

"आधीपासून तसाच आहे," धाकटी म्हणाली.

तो गेल्यावर तिला एवढी थंडी वाजली की लेकीनं दोन चादरी घातल्या.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही हे वेगळं सांगायला नको. तिला माहीत होतं, उद्या परवा तो खोकं उघडणार आणि परत येणार. दुसऱ्या दिवशी ती कारखान्याला न जाता दुकानात गेली. चष्मेवाल्यानं शटर वर केलं, धाकटी आत गेली. कपाटात त्या मोडक्या तीन फोनमधलं एक खोकं शिल्लक होतं, काच तडकलेली. तिनं ते दादाच्या टेबलावर ठेवलं, दादाचं भिंग डोळ्याला लावलं. चष्मेवाला म्हणाला, ताई, तुला जमेल का? ती म्हणाली, चाळीस वर्षं सुईत दोरा ओवतेय. बॅटरी बसवली. पट्टी सरकवली, ती टक् करून बसली. तिला दादाचा हात दिसत होता ते करताना. काच उजळली. बॅटरीवालीचे कुठले ते कळेल अशी खूण नाही, नाव नाही, नुसते नंबर. ती त्यांच्याकडं बघत राहिली नाही. लगेच बंद केला.

सहाव्या दिवशी सुट्टी झाल्यावर गाडी कारखान्याच्या फाटकासमोर होती. धाकटी बायकांच्या घोळक्यात चालत होती, तरी त्यानं हाक मारली, ताई. जवळ आला. हसतच होता.

"त्यात काहीच नाही," म्हणाला.

"नसेल," ती म्हणाली. "तो सगळं सुटंच ठेवायचा. सगळा बाजार त्याला सुटेभाग म्हणायचा, विचारा कुणालाही."

"बाकीचे भाग कुठं आहेत?"

"मला शिवणकाम येतं. फोनातलं काय कळतंय मला?"

त्यानं तिच्या पिशवीकडं बघितलं. पिशवीत जेवणाचा डबा होता, आणि रिकाम्या डब्याच्या आत बटणांची डबी होती. बरोबरच्या बायका थांबल्या होत्या, त्यातली एक तोंडाळ होती, ती म्हणाली काय हो, काय पाहिजे तुम्हाला? तो म्हणाला काही नाही. आणि गाडीत बसून काच वर करताना म्हणाला, "माझ्याकडे वेळ भरपूर आहे."

ते वाक्य धाकटीच्या अंगात राहिलं. भाकरी थापताना, मशीनवर बसताना. घरातले फोन तिनं स्वतःच पिठात घालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दाजी बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आपला फोन स्वतः आणून डब्यात ठेवला.

एक तारीख आली. धाकटीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सरळ दुकानात गेली नाही, बाजारातून दोन गल्ल्या फिरून, दोरे घेतल्यासारखं करून गेली. चष्मेवाला बाहेर स्टूल टाकून बसला आणि फडक्यानं एकच चष्मा पुसायला लागला. म्हणाला, मला लांबचं नीट दिसत नाही, पण पांढरं दिसतं. दिसलं तर खोकतो.

शटर अर्धं. आत दादाच्या जागेवर ती बसली. दादा जिथं पडला होता तिथं पाय लागू नये म्हणून पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले. फोन समोर. कान डबीतून काढून हातात धरला. तळहाताला घाम आला, तुकडा निसटेल म्हणून ओढणीला पुसला. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं. बाहेर एक गाडी थांबल्याचा आवाज आला, पण चष्मेवाला खोकला नाही. गाडी गेली.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

नुसता नंबर. तिनं आधी कान बसवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. मग उचलला.

पलीकडून काही नाही.

तिनं पण आधी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, मग आठवलं, ती बाई आवाज ऐकल्याशिवाय बोलणारच नाही, आणि ओळखीचा आवाज तर आता जगात नाही. "मी त्याची धाकटी बहीण," ती म्हणाली. "सुटेभागची."

काही नाही.

"त्यानं तुझं मला सांगितलंय. नळ सोडून सांगितलं. दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

काही नाही. फोन चालू आहे का बंद तेही कळेना. धाकटीचं बोट काचेवर होतं, तिथंच, त्या लाल खुणेजवळ. तिनं बोट उचललं आणि हात मांडीखाली दाबून ठेवला. हे गप्प राहणं तिला ओळखीचं होतं. एकदा तिनं ते दहा सेकंदात तोडलं होतं.

"तू नको बोलूस," ती म्हणाली. "मी ठेवत नाही. मी बसलेय इथं."

मिनिट गेलं असेल. दोन गेली असतील. बाहेर चष्मेवाल्याचं फडकं काचेवर चालल्याचा आवाज येत होता. धाकटी भिंतीवरच्या स्क्रूच्या बाटल्यांकडं बघत बसली. दादानं प्रत्येकीवर आपल्या अक्षरात चिठ्ठी लावली होती.

"दादा गेला. तुझ्या नवऱ्यानं त्याला काही केलं नाही," ती म्हणाली. "मला तरी तसं वाटतंय. डॉक्टर म्हणाले हृदय. तुझ्या नवऱ्याला काही मिळालं नाही. तू आहेस तिथंच राहा. पळू नकोस. दर महिन्याला मी असेन."

आणि मग तिकडून कुणीतरी श्वास सोडला. लांब, धरून ठेवलेला.

"कधी?" ती बाई म्हणाली.

धाकटीनं अंगठ्यानं कान आणखी जरा आत दाबला, नीट बसलाय ना बघितलं, आणि सांगायला लागली.